पायाखाली घट्ट, हाताशी मोकळं

माझा मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एका नसलेल्या देशाचे नकाशे काढायला घेतले, त्याला आता सहा वर्षं झाली. त्या देशाचं नाव ‘सात घाटांचा मुलूख’. त्याच्या पाच जाडजूड वह्या भरल्या आहेत. त्यांत राजांच्या वंशावळी आहेत, घाटवाटा आहेत, नद्यांची खोरी आहेत, देवदेवता आहेत आणि दोन भाषांचे शब्दकोशही आहेत.

मी दर शनिवारी संध्याकाळी चार मित्रमैत्रिणींबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा हा खेळ. चौघं एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. बाकीचं सगळं जग, त्यातली माणसं, हवापाणी, संकटं मी सांभाळते. या कामाला डन्जन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. एखादी गोष्ट जमेल की फसेल हे सांगता येत नसेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. हे सगळं ज्या जगात घडतं त्याला सेटिंग म्हणायचं.

गेल्या पावसाळ्यात मामाने पाचही वह्या माझ्यासमोर ठेवल्या. “तुमच्या खेळाला जग लागतं ना? हे घे.” मी त्या घरी नेल्या, आठवडाभर वाचल्या आणि परत आणून दिल्या. “सुंदर आहे मामा, पण यात खेळता येणार नाही,” असं मी म्हणाले आणि त्याला ते लागलं. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते आठवतं तसं इथे मांडते, कारण उठताना आम्ही दोघंही बसलो होतो त्या जागी राहिलो नव्हतो.

मामा : खेळता येणार नाही म्हणजे नेमकं काय? नद्या बघ, सगळ्या उतारानेच वाहतात. गावं पाण्याजवळ आहेत, बाजारपेठा वाटा मिळतात तिथे आहेत. एक चूक काढून दाखव.

मी : चूक नाहीच निघणार. असं धर, शनिवारी चौघं येऊन बसली. एकीने वैदीण घेतलीय, एकाने पलटणीतून पळालेला शिपाई, एकाने तांड्याचा वाटाड्या, आणि एकीने नुकतीच मंत्र शिकायला लागलेली मुलगी. तुझ्या मुलखात ती पहिल्या अर्ध्या तासात काय करतील?

मामा : राजधानीत येतील. तिला अकरा वेशी आहेत. प्रत्येक वेशीचं वर्णन लिहिलंय.

मी : येतील, वेशी बघतील आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतील. तिथे कुणाचं काही अडलेलंच नाही. भाऊबंदकीची लढाई होती, ती दोनशे वर्षांपूर्वी मिटली. धरण फुटणार होतं, ते एका हुशार माणसाने वाचवलं. दरोडेखोर होते, ते माफी मिळून शेती करायला लागले. प्रत्येक तंट्याचा निवाडा तू आधीच देऊन टाकलायस. आमच्या वाट्याला नुसता पाहुणचार उरतो.

मामा : मग लिहिणाऱ्याने गोष्ट अर्धी सोडायची?

मी : कादंबरीकाराने नको. खेळासाठी जग मांडणाऱ्याने मात्र सोडावी. या खेळाचं मूळच बघ. १९६९ च्या सुमाराला अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या बाजूला, डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने लढाईचा एक खेळ बसवला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं कल्पित जर्मन गाव. सैन्यं होतीच, पण उरलेल्या खेळाडूंना त्याने गावातली माणसं वाटून दिली आणि प्रत्येकाला वेगळा मतलब दिला. झालं असं, की लढाई राहिली बाजूला आणि लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी खलबतं करत बसले. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मागितला. त्यांच्यातलाच एक डेव्ह आर्नसन. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं. ज्या गावातून हे सगळं निघालं त्या गावाला वंशावळ नव्हती की शब्दकोश नव्हता. होत्या त्या एकमेकींच्या आड येणाऱ्या इच्छा.

मामा : म्हणजे भांडण लावून दिलं की जग तयार.

मी : पहिल्या शनिवारपुरतं तयार.

मामा : आणि दहाव्या शनिवारी?

त्याने अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. खरं ते सांगणं भाग होतं.

मी : माझा पहिला कॅम्पेन, म्हणजे शनिवारमागून शनिवार चालणारी सलग गोष्ट, दहाव्या शनिवारपर्यंत पोचलाच नाही. एक खाणावळ, एक गुहा, एक सावकार आणि त्याच्यावर चिडलेलं गाव, एवढ्यावर मी सुरुवात केली होती. बाकी विचारतील तेव्हा सुचेल ते सांगायचं. पहिले दोन शनिवार रंगले. तिसऱ्या शनिवारी गावातून किल्ल्यावर जायला दोन दिवस लागले. पाचव्या शनिवारी मी ते विसरले आणि तीच वाट एका सकाळीत संपली. वेढा पडणार म्हणून एक मैत्रीण तीन शनिवार धान्य साठवत होती. मला वाटलं गोष्ट रखडतेय, म्हणून मी रातोरात रसद आणून पोचवली. तिने फासे खाली ठेवले आणि विचारलं, “मग मी साठवलं कशाला?” त्यानंतर कुणी बेत आखेना. आपली पाळी आली की फासा टाकायचे आणि मोबाइल बघायचे.

मामा : बरोबरच आहे त्या मुलीचं. हे बघ, कालव्याची मोजणी सुरू करताना आम्ही आधी बेंचमार्क शोधायचो. एक पक्का दगड, त्याची उंची ठरलेली. पुढची सगळी लेव्हल त्या दगडावरून काढायची. तो दगड हलला तर कागदावर उतार दिसेल आणि जमिनीवर पाणी उलटं फिरेल. तुझ्या जगात असा एकही दगड नव्हता. पाऊल टाकायला आधी जमीन थांबलेली लागते.

मी : हे मान्य. पण पाच वह्या म्हणजे बेंचमार्क नव्हे.

मामा : ऐक. तू लहान असताना तुला कुडाळकडे जत्रेला नेलं होतं. रात्रभर दशावतार बघितलास. त्या लोकांच्या हातात संहिता असते?

मी : नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण काय होणार ते ठरतं आणि बोलणं रंगमंचावर सुचतं. हे तर तू माझ्याच बाजूने बोललास!

मामा : घाई करू नकोस. सुचतं कुणाच्या जिवावर? राजा झालेला माणूस पहाटे तीन वाजता नारदाशी वाद घालतो. समोरच्याने कुठलाही शाप काढू दे, कुठलाही वर काढू दे, याला धागा सापडतो. कारण पुराणं त्याच्या अंगात मुरलेली असतात. आयत्या वेळी सुचतं त्याच्याखाली खोल विहीर असावी लागते. तू कोरड्या विहिरीत बादली सोडत होतीस.

मी : पण ती विहीर गावकीची आहे, मामा. पुराण नटाने लिहिलेलं नाही, आणि समोर बसलेल्यांनाही ते आजीच्या तोंडून मिळालेलं आहे. तुझी विहीर तुझ्या वहीत आहे. माझ्या चौघांना त्यातला थेंब माहीत नाही. खेळायच्या आधी त्यांनी पाच वह्या वाचायच्या?

मामा : वाचाव्यात. त्यात काय बिघडलं?

मी : दिवसभर काम करून आलेली माणसं अभ्यास करून खेळायला बसत नाहीत. एम. ए. आर. बार्कर यांचंच घे. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचे विषय शिकवणारे प्राध्यापक. लहानपणापासून ते टेकुमेल नावाचं जग रचत होते. तिथली त्सोल्यानी भाषा त्यांनी व्याकरण आणि लिपीसकट घडवली होती. १९७५ साली ते जग ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने खेळ म्हणून निघालं.

मामा : मग? खेळले ना लोक?

मी : खेळले. पण त्यांनी दार कसं केलं ते ऐक. खेळाडूंची पात्रं परमुलखातली, रानटी समजली जाणारी. लहानशा होडीतून ती जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात. शहरात मोकळं फिरायची मुभा नाही. परदेश्यांच्या वस्तीत राहायचं आणि कुणी स्थानिक माणूस काम देईल याची वाट बघायची. कुणापुढे वाकायचं, कुठल्या देवळात कसं वागायचं हे पात्राला माहीत नाही आणि खेळाडूलाही माहीत नाही. त्यामुळे न वाचता आल्याची लाज वाटायचं कारण उरत नाही. चुकलास तर दंड होईल आणि दंड भरता भरता एक रीत कळेल. बार्करांचं जग समुद्राएवढं, पण आत शिरायचं दार एका माणसाच्या मापाचं.

मामा : दार आणखी एका तऱ्हेने करता येतं. तुमची ती सराई, तो सरदार, ते दाढीवाले बुटके खाणकामगार तुम्हाला सिनेमातून ओळखीचे झालेत, म्हणून ते समजावून सांगावे लागत नाहीत. माझ्या मुलखात घाटाच्या तोंडाशी जकात नाका आहे. देवराई आहे. देवराईत कुऱ्हाड नेऊ नये हे तुझ्या चौघांना शिकवावं लागेल?

मी : नाही लागणार. याचा मी विचारच केला नव्हता. २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हे साहसांचं पुस्तक आलं. त्यात मिमी मंडल यांनी बंगाली वळणाची शंखभूमी उभी केलीय. नुसतं नाव वाचलं तरी आपल्याकडच्या खेळाडूला काहीतरी ओळखीचं लागतं. सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट म्हणजे फुकट मिळालेली खोली. मी ‘देवराई’ म्हटलं की माझे खेळाडू आपणहून कुऱ्हाडी बाहेर ठेवतील. आणि मग मी सांगेन, आत एक झाड तोडलेलं दिसतंय. बुंधा अजून ओला आहे.

मामा : म्हणजे देवराई माझी आणि तोडलेलं झाड तुझं.

मी : हो. तुझी देवराई असल्याशिवाय माझ्या तोडलेल्या झाडाला किंमत नाही. आणि झाड कुणी तोडलं नाही तर देवराई नुसती बघायची.

इथे चहा झाला. मामाचा राग निवळला होता, पण वह्यांवरचा हात निघाला नव्हता. त्याने पाचवी वही पुढे सरकवली.

मामा : मग हिचा तरी उपयोग होईल. पुढच्या शंभर वर्षांत मुलखात काय घडणार ते हिच्यात आहे. तुझी गोष्ट अडणार नाही.

मी : ही तर मुळीच नको. ‘डार्क सन’ नावाचं एक सेटिंग १९९१ साली आलं. अथास हे वाळवंटी जग. धातू इतका दुर्मीळ की नाणी भाजलेल्या मातीची, हत्यारं हाडाची आणि दगडाची. तिथले बहुतेक मांत्रिक मंत्र म्हणतात तेव्हा आजूबाजूची झाडं करपतात. तुझा बेंचमार्क असावा तर असा! चार दिवसांचं वाळवंट ओलांडायचं तर कुणी किती पाणी उचलायचं, या एका प्रश्नावर माझ्या टेबलावर दीड तास वाद झालाय. अख्ख्या वर्षातला तो सगळ्यांत रंगलेला दीड तास.

मामा : मग दोष कुठे आला?

मी : टिर नावाच्या शहरावर कालक हा मांत्रिक राजा शेकडो वर्षं बसलेला. गुलामांकडून तो प्रचंड मनोरा बांधून घेतोय. हे ऐकलं की कुठल्याही खेळाडूला वाटणार, याला आपण पाडायचं. पण त्याच वर्षी कादंबरी आली आणि कादंबरीतल्या नायकांनी कालकला मारलं. त्याच घटनेवर ‘फ्रीडम’ नावाचं छापील साहस निघालं. त्यात खेळाडूंची पात्रं गुलाम म्हणून मनोऱ्यावर राबतात, शेवटी आखाड्यात हजर असतात आणि राजाला मारायचं काम मात्र कादंबरीतली माणसं करतात. पुढच्या कादंबऱ्यांनी असे आणखी मोठे निकाल लावले आणि १९९५ च्या सुधारित आवृत्तीने ते पक्के केले. पाणी इतकं काळजीपूर्वक मोजून देणाऱ्या जगाने खेळाडूच्या हातातला भाला काढून घेतला. तुझी पाचवी वही आमच्या टेबलावर हेच करेल.

मामा : पण पुढे काय होणार हेच ठरलेलं नसेल तर ते कसलं जग? तुझं ते सगळ्यांत गाजलेलं ‘फरगॉटन रेल्म्स’, त्यात तर बारीकसारीक सगळं लिहिलेलं असतं म्हणालीस.

मी : असतं. एड ग्रीनवुड हा कॅनडातला माणूस, वाचनालयात काम करणारा. शाळकरी वयापासून तो त्या जगाच्या गोष्टी लिहीत होता. १९८७ साली ते खेळाची पेटी म्हणून बाहेर आलं. पुढे त्यावर पुस्तकांचा डोंगर झाला, आणि डीएमना नेहमी पडणारा प्रश्न तिथूनच आला. एल्मिन्स्टरसारखा महामांत्रिक त्याच जगात राहतो, तर गावावर आलेलं संकट आपण कशाला निवारायचं? पण त्याच पहिल्या पेटीत सेंबिया नावाचा एक देश मुद्दाम डीएमच्या हाती सोडला होता. मामा, मला त्या पेटीतलं सगळ्यांत शहाणपणाचं हेच वाटतं. इतकं लिहूनही एका माणसाला जागा सोडायची आठवण राहिली.

मामा : अख्खा देश मोकळा?

मी : त्याच्या आधी गायगॅक्सनेही हेच केलं होतं. त्याचं ग्रेहॉकचं जग १९८० साली छापलं गेलं ते बत्तीस पानांचं पुस्तक आणि मोठा नकाशा एवढंच. नकाशावर षटकोनी घरं, एका घराची रुंदी तीस मैल. एकेका राज्याला थोडक्या ओळी. अंतर पक्कं, कोण कुणाचा वैरी ते पक्कं, तीस मैलांच्या आत काय आहे ते तुम्ही ठरवा. आणि त्याने लिहिलेलं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे साहस तर आणखी पुढे गेलं. सरहद्दीवरचा एक किल्ला आणि जवळच्या घळीत राक्षसांच्या गुहा. किल्ल्यातल्या माणसांची कामं दिलीत, त्यांच्याजवळ काय काय आहे तेही दिलंय, पण नावं दिलेली नाहीत. किल्लेदार, पुजारी, सावकार, कुणालाही नाव नाही.

मामा : हा तर आळस झाला.

मी : मलाही तसंच वाटलं होतं. पण मी किल्लेदाराला नाव दिलं, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांची चाल दिली, त्यांची चावी फिरवायची सवय दिली, आणि तो माझा झाला. शिवाय त्यात वीस अफवांची यादी आहे. किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर फासा टाकून एखादी पडते. काही खऱ्या, काही साफ खोट्या. खेळाडू त्या एकमेकांना सांगतात, वाद घालतात आणि मग कुठे जायचं ते ठरवतात. तुझ्या अकरा वेशींपेक्षा त्या वीस ओळींनी मला जास्त शनिवार दिलेत.

मामा : किल्लेदाराचं नाव मोकळं सोडणं वेगळं. जगाच्या मुळाशी जे रहस्य आहे ते लिहिणाऱ्याला तरी माहीत असलंच पाहिजे. नाहीतर ती फसवणूक.

मी : एबेरॉनची गोष्ट सांगते, मग तू ठरव. २००२ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ छापणाऱ्या कंपनीने लोकांकडून नवी जगं मागवली. अकरा हजारांहून जास्त प्रस्ताव आले आणि किथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं. २००४ साली ते छापलं. तिथे एका राज्याचे पाच तुकडे होऊन शंभर वर्षं युद्ध चाललं. मग एके दिवशी सायर नावाचा अख्खा देश करड्या धुक्यात नाहीसा झाला. हादरून बाकीच्यांनी तह केला. खेळ सुरू होतो तेव्हा तहाला दोनच वर्षं झालेली असतात. सायरचं असं कशामुळे झालं? अधिकृत पुस्तकांनी आजवर सांगितलेलं नाही. आणि नव्या आवृत्त्या आल्या तरी तिथलं कॅलेंडर त्याच वर्षावर, ९९८ वर, थांबलेलं आहे.

मामा : पण लोक विचारणार ना.

मी : विचारतातच. प्रत्येक टेबल आपलं उत्तर ठरवतं आणि त्या टेबलापुरतं ते खरं असतं. पण त्या दिवसाने काय काय केलं ते बघ. सायरचे निर्वासित परक्या शहरांत झोपड्या टाकून राहतात. प्रत्येक राजाला संशय आहे की ते अस्त्र दुसऱ्याकडे असेल, म्हणून कुणी युद्ध पुकारत नाही आणि कुणी शस्त्रही खाली ठेवत नाही. यातलं काहीही मी शनिवारी विसरले तर माझे खेळाडू मला पकडतील.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर बोटाने एक रेघ ओढली.

मामा : म्हणजे काय झालं ते पक्कं. त्यातून कुणाचं काय गेलं ते पक्कं. अंतर, पाणी, भाव, रीत पक्की. आणि का झालं, पुढे काय होणार, हे टेबलावर बसलेल्यांचं. पायाखालचं घट्ट असावं आणि हाताशी येईल तेवढं मोकळं असावं.

मी : इतकं नीट मलाही कधी मांडता आलं नव्हतं.

मामा : तरी एक शंका आहे. तुझी चौघं येईपर्यंत हे जग नुसतं वाट बघत थांबलेलं असेल तर ते मेलेलंच.

मी : थांबलेलं नसतं. जॉन हार्परने २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात यावर साधा उपाय दिलाय. डॉस्कव्हॉल हे भुतांनी वेढलेलं शहर, भोवती विजेचं कुंपण, त्यामुळे गुन्हा करून लांब पळून जाता येत नाही. शहरात अनेक टोळ्या आणि प्रत्येकीचा काहीतरी डाव. त्या डावासाठी डीएम कागदावर एक वर्तुळ काढतो, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतो. खेळाडू दुसरीकडे गुंतले की एखादा भाग भरत जातो. वर्तुळ भरलं की डाव साधला. खेळाडूंनी हात घातला नाही तर काय होईल ते ठरलेलं असतं, आणि त्यांनी हात घातला तर ते बदलतं. तुझ्या पाचव्या वहीची मला एवढीच पानं हवीत: कुणी आड आलं नाही तर येत्या महिन्यात काय होईल.

मामा : आणि तुझी मुलं आड येऊन माझं धरण फोडतील.

तो हे हळूच म्हणाला. इतका वेळ आम्ही ज्याच्याभोवती फिरत होतो ते आत्ता बाहेर आलं. मला त्याच्या घरचा दिवाळीतला किल्ला आठवला. तटाला चुन्याची रेघ, हळीव पेरून उगवलेलं शेत, तळ्यात खरं पाणी. आम्हा मुलांना तो लांबूनच बघायला मिळायचा. शेजारच्या वाड्यातला किल्ला ओबडधोबड होता, पण त्याच्यावर दिवसभर मावळ्यांच्या चढाया चालायच्या आणि संध्याकाळी ढासळलेला बुरूज पुन्हा लिंपला जायचा.

मी : फोडतीलही. पण त्यांच्या हातून फुटू शकतं हे कळल्याशिवाय ती ते वाचवायलाही धावणार नाहीत. सहा वर्षं तू त्या मुलखावर जीव लावलास. त्यांना तो परका आहे. तो त्यांचा होण्याची मला तरी दुसरी वाट माहीत नाही. ग्रेग स्टॅफर्डने १९६६ पासून ग्लोरँथा नावाचं जग रचलं. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळातून लोक त्यात पात्रं घेऊन खेळायला लागले. त्याच्या देवांच्या कथा कुठल्याही पुराणाला साजतील अशा. आणि तोच माणूस खेळणाऱ्यांना सांगत राहिला, की तुमचा ग्लोरँथा माझ्यापेक्षा वेगळा होणारच. त्याने जग वाटलं म्हणून त्याचं जग कमी झालं नाही.

मामाने तिसरी वही उघडली. धरणाचं पान त्यात होतं. छेद, सांडवा, दरवाजे, सगळं शाईने रेखलेलं.

मामा : समजा, धरण कुणी वाचवलंच नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दरवाजे उघडले गेले. खालची तीन गावं वाहून गेली.

मी : उघडले कसे जातात?

मामा : लाकडी दरवाजे आहेत, रहाटाने वर घ्यायचे. एका रहाटाला चार माणसं लागतात. दरवाजे दोन, म्हणजे आठ. एवढे दरवाजे पूर्ण वर यायला अर्धी रात्र जाते. रहाटाचा आवाज चौकीपर्यंत ऐकू जाणारच. म्हणजे चौकीवरचा माणूस सामील होता, बहिरा होता, की तिथे नव्हताच.

मी : मामा, हे बघ ना! हे तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. माझे खेळाडू रहाट तपासतील, दोर तपासतील, आठ माणसं मोजतील. आता मला तीन पक्ष दे.

मामा : खालच्या गावांना गुन्हेगार हवाय. घाटमाथ्याच्या लोकांना धरण पुन्हा भरायला हवंय, कारण त्यांचा ऊस त्यावर आहे. आणि जकात नाक्याच्या ठेकेदाराला काहीच व्हायला नकोय. जुनी वाट पुरात गेल्यापासून सगळे तांडे त्याच्या नाक्यावरून जातात.

मी : आणि वेळ?

मामा : पावसाला वीस दिवस. तोवर दरवाजे बसले नाहीत तर धरण कोरडं. बसले, आणि ती आठ माणसं मोकळीच असली, तर पुन्हा उघडतील. काढ तुझं वर्तुळ.

मी वर्तुळ काढलं. त्याने शेजारी तीन गावांची नावं लिहिली, नाक्यापासून प्रत्येक गाव किती कोसांवर ते लिहिलं, बैलामागे जकात किती ते लिहिलं. अर्ध्या तासात एक पान भरलं, आणि पाच वह्या वाचून मला जे मिळालं नव्हतं ते त्या पानावर होतं. चौघांपैकी प्रत्येकाला शनिवारी कुठे जावंसं वाटेल ते मला दिसायला लागलं. वैदीण वाहून गेलेल्या गावात जाईल. वाटाड्या नाक्यावर. शिपाई चौकीवर.

मी : आता फक्त एक. दरवाजे उघडले कुणी?

त्याचं पेन कागदावर टेकलं होतं. उत्तर त्याला माहीत होतं, निदान सुचलं तरी होतं. मी त्याला सहा वर्षांत एकही जागा कोरी सोडताना पाहिलं नव्हतं. त्याने पेनाला टोपण लावलं.

मामा : आठ रहाटकरी आणि एक चौकीदार, एवढं पक्कं. त्यांच्यामागे कोण होतं ते नको लिहायला. शनिवारी मी येईन आणि त्या चौघांच्या बाजूला बसेन. त्यांना कळेल तेव्हाच मलाही कळू दे.